प्रथिनाला जात नसते, धुळीला असते

"विज्ञानाला जात नसते." हे वाक्य आपल्या तोंडावर दोन प्रसंगी फेकले जाते. संशोधन संस्थांमधल्या प्राध्यापकांच्या आरक्षणाचा विषय निघाला की एकदा, आणि एखाद्या प्रयोगशाळेत आपल्या विद्यार्थ्याचा छळ उघडकीस आला की दुसऱ्यांदा. आम्हाला या वाक्याचा अर्धा भाग मान्य आहे. रेणूला जात नसते, पेशीला नसते, प्रथिनाला तर नसतेच. पण कोणत्या प्रथिनावर काम करायचे, कोणत्या रोगाला पैसा द्यायचा, कुणाच्या फुफ्फुसाची दखल घ्यायची, हे माणसे ठरवतात. आणि या देशात माणसांना जात असते. एवढे म्हणून टाळ्या घेता येतात, पण आम्हाला एकाच प्रथिनाचा माग काढत शेवटपर्यंत जायचे आहे. विषय थोडा किचकट आहे. चळवळीतल्या मुलामुलींनी म्हणूनच तो टाळू नये.

अमेरिकेत बेथेस्डा येथे राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे. तिथे अनिता रॉबर्ट्स नावाच्या शास्त्रज्ञ 1976 मध्ये रुजू झाल्या. 1942 चा जन्म, 2006 मध्ये जठराच्या कर्करोगाने निधन. सहकारी मायकेल स्पोर्न यांच्यासोबत त्यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला एका प्रथिनाचा पिच्छा धरला, तो पुढे आयुष्यभर सोडला नाही. ट्रान्सफॉर्मिंग ग्रोथ फॅक्टर बीटा, थोडक्यात टीजीएफ-बीटा. शोध चालला होता कर्करोगाचा, हाती लागली जखम भरून येण्याची किल्ली. 1986 मध्ये त्यांच्या गटाने नवजात उंदरांच्या कातडीखाली हे प्रथिन टोचले. दोन-तीन दिवसांत तिथे नव्या रक्तवाहिन्या फुटल्या, कोलॅजन साचले, जखम भरताना दिसते तसे ऊतक तयार झाले. जखम नसताना! ज्या प्रथिनामुळे जखम भरते तेच चुकीच्या जागी किंवा नको तितका वेळ काम करत राहिले तर अवयव निबर करून टाकते, ही गोष्ट त्या प्रयोगाने दाखवली.

हे घडते कसे? विळीने बोट कापले की रक्तातल्या बिंबिका टीजीएफ-बीटा सोडतात. त्या हाकेला काही पेशी धावून येतात, त्यांतल्या काहींचे रूप पालटते. त्यांना मायोफायब्रोब्लास्ट म्हणतात. जिनिव्हाच्या ज्युलिओ गॅबियानी यांनी 1971 मध्ये त्यांचे वर्णन केले. अर्ध्या बांधकाम मजुरासारख्या, अर्ध्या स्नायूसारख्या या पेशी कोलॅजनचे धागे विणतात आणि जखमेच्या कडा खेचून जवळ आणतात. काम झाले की त्यांनी मरून जायचे असते. उरतो तो वण. पण इजा थांबलीच नाही तर या पेशी मरत नाहीत, विणतच राहतात. बोटावर असे झाले तर गाठ दिसते. फुफ्फुसात झाले तर काहीच दिसत नाही. माणसाला फक्त जिना चढवेनासा होतो. याला फायब्रोसिस म्हणतात. यकृत, मूत्रपिंड, हृदय, फुफ्फुस, कोणताही अवयव त्यातून सुटत नाही.

मग हे प्रथिनच बंद पाडले तर? प्रश्न सरळ आहे, उत्तर नाही. 1992 मध्ये हे प्रथिन तयार न करणारे उंदीर घडवले गेले, तर जन्मलेली पिल्ले काही आठवड्यांतच सर्वांगाच्या दाहाने मेली, कारण रोगप्रतिकारशक्तीला लगाम घालण्याचे कामही टीजीएफ-बीटाच करते. 1999 मध्ये रॉबर्ट्स यांच्या गटाने वेगळी वाट घेतली. टीजीएफ-बीटाचा निरोप पेशीच्या आत पोचवणारे स्मॅड-3 नावाचे प्रथिन नसलेल्या उंदरांच्या जखमा त्यांनी पाहिल्या. त्या जखमा उशिरा भरतील अशी अपेक्षा होती. त्या लवकर भरल्या, दाहही कमी झाला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात डीन शेपर्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवले की फुफ्फुसात हे प्रथिन बांधून ठेवलेल्या, निष्क्रिय अवस्थेत असते आणि पेशीच्या पृष्ठभागावरचे एक इंटिग्रिन प्रथिन ते मोकळे करते. म्हणजे प्रथिन मारण्यापेक्षा त्याला नको तिथे मोकळे होऊ न देणे, हा मार्ग दिसू लागला. औषधांचे प्रयत्न तेव्हापासून चालू आहेत. यश अजून तुटपुंजे आहे.

इथपर्यंत जातीचा संबंध नाही. आता धुळीकडे येऊ.

गारगोटी, वाळुकाश्म, स्लेट यांत सिलिका असते. दगड फोडला, भरडला, कापला की तिचे इतके बारीक कण उडतात की ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि नाकातही अडत नाहीत. थेट फुफ्फुसाच्या शेवटच्या फुग्यापर्यंत पोचतात. तिथे मॅक्रोफेज नावाची सफाई पेशी बसलेली असते. ती कण गिळते. जंतू असता तर पचवला असता. सिलिका पचत नाही. कणाने पेशीच्या आतली पचनाची पिशवी फुटते, दाहाची घंटा वाजते, पेशी मरते आणि कण पुन्हा मोकळा होतो. मग दुसरी पेशी येते, तोच कण गिळते, मरते. धूळ बंद झाली तरी हे थांबत नाही. म्हणून खाण सोडून गावी परतलेला माणूसही पुढे वर्षानुवर्षे खंगत जातो. इजा चालू राहते, टीजीएफ-बीटा सुटत राहते, मायोफायब्रोब्लास्ट विणत राहतात. सिलिकोसिस तो हाच. त्यात क्षयरोगाचा धोका वाढतो, आणि कित्येकदा सिलिकोसिसलाच क्षय समजून औषधांचे कोर्समागून कोर्स दिले जातात.

ही धूळ कुणाच्या नाकात जाते? गुजरातमध्ये गोध्रा आणि बालासिनोर भागात गारगोटी भरडणारे कारखाने होते. तिथे काम करायला मध्य प्रदेशच्या अलिराजपूर, झाबुआ, धार या जिल्ह्यांतून आदिवासी जात. भुकटी भरडायची, पोती भरायची, गावी परतायचे आणि मरायचे. 2006 मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने प्रत्येक मृताच्या कुटुंबाला 3 लाख रुपये देण्याची शिफारस केली. गुजरात सरकारने पैसे द्यावेत असा आदेश निघायला 2016 साल उजाडले. 238 मृत्यू, दहा वर्षांचा खटला, माणशी 3 लाख. राजस्थानात वाळुकाश्माच्या खाणींचा प्रश्न इतका मोठा झाला की 2019 मध्ये राज्याला धुळीच्या फुफ्फुसरोगांसाठी स्वतंत्र धोरण काढावे लागले. ज्या महाराष्ट्रात आपण चळवळ करतो तिथे काय आहे?

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, नाहीतर पहिल्याच सभेत कुणी भूगर्भशास्त्राचा पदवीधर आपल्याला गप्प करील. सह्याद्रीचा काळा कातळ म्हणजे बेसाल्ट. त्यात मोकळी सिलिका फार कमी. त्यामुळे प्रत्येक खडी क्रशरवर सिलिकोसिस होतो असे सरसकट बोलू नये. त्या धुळीने दमा, खोकला, श्वासनलिकेचे विकार होतात, ते वेगळे. सिलिका शोधायची तर सिंधुदुर्गात कासार्डे परिसरातल्या सिलिका वाळूच्या खाणींवर जा. कोल्हापूरच्या फाउंड्रीत जा, जिथे सिलिका वाळूचे साचे तोडून ओतकाम साफ केले जाते. पूर्व विदर्भात जा, जिथे खडक दख्खनचा राहत नाही. आणि तिथे हातात सुतकी-पहार कुणाच्या आहे, ग्राइंडरवर कोण वाकलेले आहे, पोती कोण भरते, हे विचारा. दगडाचे काम वडाराने करायचे हे कोणत्या कंपनीने ठरवले नाही, ते जातीने ठरवले. बाबासाहेबांनी 1936 मध्ये जातिव्यवस्थेला श्रमांची नव्हे तर श्रमिकांची विभागणी म्हटले, त्याचा पुरावा छातीच्या एक्स-रेमध्ये मिळतो. मुंबईच्या गिरण्यांतही हेच होते. तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो, विटाळ होईल, म्हणून विणकाम खाते अस्पृश्यांना बंद. पगार तिथेच जास्त होता. कोणत्या कामगाराने कोणत्या खात्यातली हवा आत ओढायची, हे जात ठरवत होती.

आता औषधांकडे पाहा. 2014 च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेने फुफ्फुसाच्या फायब्रोसिसवर दोन औषधे एकाच दिवशी मंजूर केली, पिरफेनिडोन आणि निंटेडानिब. दोन्ही भारतात मिळतात. दोन्ही रोग बरा करत नाहीत, त्याचा वेग कमी करतात. ती मंजूर झाली 'इडिओपॅथिक' फायब्रोसिससाठी. इडिओपॅथिक म्हणजे कारण अज्ञात असलेला. या रोगाचे निदान करतानाच ज्ञात कारणे वगळली जातात. त्यामुळे ज्याच्या फुफ्फुसात सिलिका आहे तो या औषधांच्या चाचणीत बसतच नाही. त्याचे कारण माहीत आहे, हीच त्याची अपात्रता! 2020 मध्ये निंटेडानिबची व्याप्ती इतर वाढत्या फायब्रोसिसपर्यंत नेली गेली. पण खास सिलिकोसिससाठी म्हणून मंजूर झालेले औषध ना अमेरिकेत आहे ना भारतात. चीनमध्ये टेट्रान्ड्रिन नावाचे वनस्पतिजन्य औषध सिलिकोसिससाठी वापरले जाते. ते किती परिणामकारक हा वेगळा वाद. पण ज्या देशाने आपल्या खाणकामगारांची मोजणी केली त्याला निदान हा प्रश्न पडला, एवढे खरे.

इडिओपॅथिकच्या रुग्णांबद्दल आमच्या मनात आकस नाही. तेही गुदमरूनच मरतात. आमचे म्हणणे एवढेच, की प्रथिन तेच, पेशी त्याच, कोलॅजन तेच. फरक रुग्णाच्या खिशात आणि त्याच्यासाठी बोलणाऱ्यांत आहे. बाजार नसलेल्या रोगावर कंपनी पैसा लावत नाही. तिथे सरकारी प्रयोगशाळेने उतरायचे असते.

इथे आपलेच काही डावे मित्र म्हणतील, सिलिकोसिसला रेणू कशाला हवा? पाणी हवे. ओले ड्रिलिंग करा, क्रशरवर फवारा लावा, धूळ ओढणारा पंखा लावा, रोग होणारच नाही. बरोबर आहे, आणि आम्ही हे म्हणणे कुणाहीपेक्षा मोठ्याने मांडू. ऑस्ट्रेलियात स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी लागणारा कृत्रिम गारगोटी दगड कापणारे तरुण कामगार आजारी पडू लागले, कामगार संघटना मागे लागल्या आणि 1 जुलै 2024 पासून त्या देशाने हा दगडच बंद केला. असे करणारा तो जगातला पहिला देश. भारतात मात्र हाच दगड तयार करून निर्यात केला जातो. तेव्हा धूळ थांबवणे पहिले, यात वाद नाही.

पण ज्यांच्या फुफ्फुसात कण आधीच बसलेत त्यांचे काय? त्यांना पाण्याचा फवारा उपयोगाचा नाही. त्यांच्या शरीरात जे चालू आहे ते थांबवण्याचा रस्ता टीजीएफ-बीटासारख्या प्रथिनांमधूनच जातो. दुसरी गोष्ट निदानाची. एक्स-रेमध्ये सिलिकोसिस दिसतो तोवर फुफ्फुस बिघडलेले असते. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने सीसी-16 नावाच्या प्रथिनावर काम केले आहे. फुफ्फुसाच्या बारीक नळ्यांतल्या क्लब पेशी हे प्रथिन बनवतात. सिलिकाने त्या पेशी मेल्या की रक्तातले प्रमाण घसरते, एक्स-रेवर डाग उमटण्याच्या आधीच. संस्थेने त्यासाठी रक्तचाचणीचा संच तयार केला. गावातल्या आरोग्य केंद्रात थेंबभर रक्तावर कळले की या माणसाला आता धुळीतून बाहेर काढा, तर ते किती मोलाचे! प्रयोगशाळेला प्रश्न नीट पडला की उत्तर असे मजुराच्या बोटापर्यंत पोचू शकते. आदिवासी-दलित मजूर आणि रेण्वीय वैद्यकशास्त्र यांचा संबंध काय, असे विचारणाऱ्याला हेच उदाहरण द्यावे.

बाबासाहेब 1942 ते 1946 व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. ते 1943 च्या डिसेंबरात धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले होते. त्यांच्याच कारकिर्दीत अभ्रक खाणींतल्या कामगारांसाठी कल्याण निधीचा कायदा झाला. कारखान्यातला कामाचा आठवडा 48 तासांवर आला तोही त्याच काळात. घटनाकार बाबासाहेबांची जयंती सगळे पक्ष करतात, खाणीत उतरलेल्या बाबासाहेबांचे नाव कुणी घेत नाही. कारण ते घेतले की धूळ मोजावी लागते.

आता प्रयोगशाळेच्या दाराशी या. केंद्रीय शैक्षणिक संस्थांतील शिक्षक संवर्गाच्या आरक्षणाचा कायदा 2019 मध्ये झाला. तो विभागवार रोस्टरच्या विरोधातल्या आंदोलनाचे यश होता, हे आम्ही विसरलेलो नाही. पण त्या कायद्याचे कलम 4 आणि शेवटचे परिशिष्ट किती जणांनी वाचले? 'उत्कृष्टतेच्या संस्था' म्हणून काही संस्थांना आरक्षणातून वगळले आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्था त्यात आहे. होमी भाभा राष्ट्रीय संस्था आणि तिची घटक केंद्रे त्यात आहेत, त्यांत मुंबईचे टाटा मेमोरियल केंद्रही आले. मानेसरचे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, बंगळुरूचे जवाहरलाल नेहरू केंद्र, अहमदाबादची भौतिकी प्रयोगशाळा, सगळी त्या यादीत. उत्कृष्टता आणि आरक्षण एकत्र नांदू शकत नाही, असे भारताच्या संसदेने कायद्यात लिहून ठेवले आहे. मनुस्मृती जाळली त्याला 2027 मध्ये शंभर वर्षे होतील, आणि आपण हे परिशिष्ट मुकाट सहन करतो आहोत. जानेवारी 2023 मध्ये 'नेचर' या नियतकालिकाने माहिती अधिकारातून मिळालेले आकडे मांडून दाखवले की देशातल्या अव्वल विज्ञान संस्थांत प्राध्यापकपदावर दलित-आदिवासी 1 टक्क्याहून कमी आहेत. ज्या खोलीत 'पुढची पाच वर्षे कशावर काम करायचे' हे ठरते, त्या खोलीतली ही हजेरी.

दार ओलांडून आत गेलेल्यांचे हाल वेगळेच. बार्टीच्या संशोधन फेलोशिपसाठी आपली मुले 2023 मध्ये आझाद मैदानावर बसली होती. फेलोशिप रखडली की इतिहासाचा विद्यार्थी उपाशीपोटी का होईना, ग्रंथालयात बसू शकतो. पेशीजीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला तेवढीही सवड नाही. बशीत वाढवलेल्या पेशींना दर दोन-तीन दिवसांनी ताजे पोषणद्रव्य लागते. एखादे जनुक काढून टाकलेल्या उंदरांची पैदास सांभाळायला महिनोन् महिने जातात. तीन महिने पैसे आले नाहीत, मुलगा भाडे भरायला शिकवण्या घेऊ लागला, की प्रयोग मरतो. मग मार्गदर्शक म्हणणार, या मुलांत चिकाटी नसते. घरून पैसे येणाऱ्याची चिकाटी आणि न येणाऱ्याची चिकाटी एकाच फुटपट्टीने मोजायची आणि तिला गुणवत्ता म्हणायचे, हा खेळ आपण ओळखतो. आपली मुले विज्ञानात जात नाहीत, स्पर्धा परीक्षेच्या खोल्यांतच बसतात, असा टोमणा मारणाऱ्यांनी आधी हा हिशेब करावा. आणि तरीही आम्ही बारावीला जीवशास्त्र घेतलेल्या, नीटमध्ये थोडक्यात हुकलेल्या मुलामुलींना सांगू, की डॉक्टर होणे हाच एक रस्ता नाही. जीवरसायन, रेण्वीय जीवशास्त्र, पेशीविज्ञान हे विषय घ्या. अनिता रॉबर्ट्सही वैद्यकीय डॉक्टर नव्हत्या, जीवरसायनाच्या संशोधक होत्या.

तोवर तालुक्या-तालुक्यातल्या कार्यकर्त्यांना आज करता येण्यासारखे काम आहे. सिलिकोसिस हा नोंद करणे बंधनकारक असलेला आजार जुन्या कारखाना कायद्यात होता, 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही आहे. तो आढळल्यास डॉक्टरने सरकारला कळवायचे असते. हीच संहिता मात्र विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या 10 कामगारांवरून 20 वर नेते, म्हणजे छोटे ग्राइंडिंगवाले बाहेर काढण्याची सोय झालीच, त्याविरुद्ध बोलले पाहिजे. आपल्या जिल्ह्यात गेल्या पाच वर्षांत सिलिकोसिसच्या किती नोंदी झाल्या, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने किती फाउंड्रींमध्ये धूळ मोजली, त्या मोजणीचे आकडे काय आले, हे माहिती अधिकारात विचारा. अर्जाला 10 रुपये लागतात. खाणींबद्दल विचारायचे तर अर्ज केंद्राच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे करावा लागतो, राज्याकडे केला तर तो महिनाभर फिरत राहतो. उत्तरात 'निरंक' असे आले तर ते उत्तर जपून ठेवा. त्याच खाणीवरच्या मजुरांची नावे, कामाची वर्षे आणि जिल्हा रुग्णालयातले क्षयाचे कागद एकत्र करून त्याच्या शेजारी ठेवायचे आहेत. आणि नुकसानभरपाईचा दावा करताना कामाचा पुरावा मागतात, मजुराकडे हजेरीपट नसतो, म्हणून आजच ठेकेदाराने दिलेली चिठ्ठी, उचल घेतल्याची वही, जे असेल त्याचा फोटो काढून घ्या.